मुलीचं लॉ झालं. पहिली तीन वर्षं कशी काढतात? (पुणे)

गुलबक्षी | १२ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या बाहेर पडत नाही, त्यामुळे विभाग चुकला असेल तर ॲडमिननी धागा हलवावा.

लेक यंदा जूनमध्ये पाच वर्षांचं लॉ संपवून बाहेर पडली. कॉलेज पुण्यातलंच, नाव लिहीत नाही. सनद (वकिलीचा परवाना) मिळाली, बार एक्झामचा (सनदेनंतर वकिलांना द्यावी लागते ती परीक्षा) फॉर्म भरून झालाय (३० नोव्हेंबरला आहे), आणि ऑगस्टपासून शिवाजीनगर कोर्टात एका सीनियरांकडे जाते. सकाळी नऊला वनाजहून मेट्रो धरते, रात्री साडेआठला घरी येते. कोट खांद्यावर, हातात दुसऱ्यांच्या फायली. पहिला महिना भरला तेव्हा सरांनी पाकीट दिलं. पाच हजार. तिने ते देवापुढे ठेवलं आणि मग स्वतःच हसली.

आमच्या दोन्हीकडच्या घरांत वकील कोणी नाही. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" एवढाच आमचा कायद्याशी संबंध. धाकट्या दिरांच्या मुलाला कॅम्पसमधून नोकरी लागली, दिवाळीत पेढे येणार. सगळे विचारणार, "हिचं काय?" मी काय सांगू तेच कळत नाही. तिचं वाईट चाललंय की सगळ्यांचंच असं असतं, हेसुद्धा मला माहीत नाही.

प्रवेश घेताना कॉलेजच्या पुस्तिकेत "सर्वोच्च पॅकेज" ठळक छापलेलं होतं. ते मिळालेला मुलगा कोण, हे पाच वर्षांत आम्हाला कोणी दाखवलं नाही.

गेल्या पाच-सहा वर्षांत पुण्यातून लॉ केलेल्यांनी कृपया लिहा. खरोखर काय करता, पहिल्या वर्षी किती मिळत होते, आता किती मिळतात. "आवड असेल तर सगळं जमतं" छापाचे प्रतिसाद मनातच ठेवले तरी चालतील.

---

कोट_उसना | १२ ऑक्टोबर

ताई, पाच हजार वाचून बरं वाटलं, म्हणजे माझ्या वेळेपासून काही बदललं नाही तर.

मी २०२३ ची बॅच, दिवाणी बाजूला. पहिलं वर्ष सहा हजार, आता अकरा. त्याखेरीज स्वतःचं बारीकसारीक: नोटिसा, एखादं १३८ (म्हणजे चेक न वटल्याची केस), सोसायटीचं भांडण. माझा पहिला पक्षकार आईच्या भिशीतून आला. बिल्डरने पार्किंगचे पैसे घेऊन पार्किंग दिलं नव्हतं. नोटीस लिहायला मला चार दिवस लागले. सरांनी दहा मिनिटांत अर्धी खोडली आणि म्हणाले, "रागावून लिहू नकोस, तारखा लिही."

पहिले सहा महिने मी वकील नव्हतोच, तारीख आणणारा माणूस होतो. सकाळी ॲपवर बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघायचा, कुठल्या कोर्टात कितवा नंबर ते चिठ्ठीवर लिहायचं, मग जिने. तिसऱ्या मजल्यावर पुकारा होतो तेव्हा तुम्ही पहिल्या मजल्यावर "सर दुसऱ्या कोर्टात आहेत, थोडा वेळ द्या" म्हणून उभे असता. दुपारी नक्कल विभाग, मग कारकुनाकडे रोजनाम्याची (केसमध्ये त्या तारखेला काय झालं त्या नोंदीची) चौकशी. संध्याकाळी ऑफिसात पुरसीस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन), मुदतीचा अर्ज, दुसऱ्या दिवशीच्या फायली. याला कोणी काम म्हणत नाही. पण कुठल्या अर्जावर कोर्ट काय विचारतं हे जिन्यातच कळतं, पुस्तकात कुठे लिहिलेलं नसतं.

कॉलेजात आम्ही घटनापीठांच्या निकालांवर तासन्‌तास बोलायचो. वकीलपत्रावर कितीचं तिकीट लावायचं हे मात्र मला कोर्टातल्या झेरॉक्सवाल्याने शिकवलं.

---

मटारउसळ | १२ ऑक्टोबर

धाग्यात वकील कोणी नाही ना म्हणून वाचायला आले, तर सगळे वकीलच. बसते आता.

---

नियमावर_बोट | १३ ऑक्टोबर

गुलबक्षीताई, पाच हजार हे नियमाविरुद्ध आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलंय. शहरात ज्युनिअरला महिना किमान २० हजार, ग्रामीण भागात १५ हजार. सरांना परिपत्रक दाखवा. नाही ऐकलं तर तक्रार करा.

---

जुना_अर्जदार | १३ ऑक्टोबर

बोट जरा उचला साहेब. ते परिपत्रक मी फ्रेम करून लावलं तरी कोणी मला अडवणार नाही, कारण ती शिफारस आहे. दिली तर द्यावी, नाही दिली तर शिक्षा नाही. तक्रार करून त्या मुलीचं काय होईल ते मात्र मी सांगू शकतो. संध्याकाळपर्यंत बार रूममध्ये सगळ्यांना तिचं नाव माहीत झालेलं असेल.

मी २९ वर्षं शिवाजीनगरला आहे, म्हणजे या धाग्यातला खलनायक मीच. थोडं माझंही ऐका. पुण्यातला बहुसंख्य सीनियर म्हणजे एक खोली, एक कारकून, एक प्रिंटर आणि "पुढच्या तारखेला देतो" म्हणणारे पक्षकार. मी दोन ज्युनिअरना बारा-बारा हजार देतो. त्यातला एक आठ महिन्यांत कंपनीत जातो. मग नवीन येतो, त्याला अर्ज आणि कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) यातला फरक सांगण्यापासून सुरुवात. आमच्या वेळी आम्हाला एक पैसा मिळत नव्हता. वर सरांच्या घरची गॅसची टाकीसुद्धा आम्ही आणली आहे.

---

बार्शीची | १३ ऑक्टोबर

जुना_अर्जदार सर, आदर ठेवून बोलते. तुमच्या वेळी कॉट बेसिसवर राहायला किती लागत होते? मी कर्वेनगरला तिघींत एक खोली घेऊन राहते. भाडं आणि मेस धरून साडेदहा हजार जातात. सर मला सात देतात. वरचे साडेतीन वडील पाठवतात, त्यांचं बार्शीत किराणा दुकान आहे. "आम्हाला काहीच मिळत नव्हतं" हे मी गेल्या वर्षभरात इतक्यांदा ऐकलंय की आता मान डोलावते आणि फाईल शिवते.

पण मुद्दा पैशांचा एकटा नाही. माझ्याच ऑफिसात अजून एक ज्युनिअर आहे, त्यालाही सातच मिळतात. त्याचे वडील वकील. त्याच्या नावाची पाटी पाचव्या वर्षीच तयार होती. सात हजार त्याचा पॉकेटमनी आहे आणि माझं जगणं. दोघांची "सुरुवात सारखीच" असं सर प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

माझ्या बाकाच्या आसपासचे आठ जण मी मोजले. तिघे कोर्टात राहिलेत आणि तिघांच्याही घरी आधीपासून वकिली किंवा पुण्यात स्वतःचं घर आहे. चौथी मी. दोघं कंपनीत, एक एमपीएससी, आणि एकीचं लग्न झालं, ती आता फोन उचलत नाही. आठांपैकी एकालाही "प्लेसमेंट" असं काही झालं नाही.

---

जुना_अर्जदार | १३ ऑक्टोबर

भाडं तेव्हा नव्हतंच, मावशीकडे सदाशिवात राहत होतो. जेवणही तिचंच. तुमचा मुद्दा लक्षात आला.

---

हिंजवडी_परतीचा | १३ ऑक्टोबर

मी त्या "दोघं कंपनीत" मधला समजा. २०२० ची बॅच, एक वर्ष कोर्ट, मग एका आयटी कंपनीच्या कराराच्या टीममध्ये. कंपनीचं नाव नको.

काम असं: समोरच्या पक्षाकडून करार येतो, त्यातली भरपाईची कलमं, जबाबदारीची मर्यादा, गोपनीयता, कुठल्या देशाचा कायदा लागू, हे सगळं आमच्या ठरलेल्या धोरणाशी ताडून लाल रंगात दुरुस्त करायचं. कोर्टात माझे सहा महिने ज्या कलमावर गेले असते ते इथे एका संध्याकाळी दहादा दिसतं. सुरुवातीला हातात २८ हजार आले तेव्हा मी बँकेचा मेसेज तीनदा वाचला. आता ६० च्या पुढे आहे. अमेरिकन क्लायंट असेल तर रात्रीचे कॉल. कॅब खराडीहून निघते तेव्हा घरचे झोपलेले असतात.

दोन गोष्टी कोणी आधी सांगत नाही.

पहिली: पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही. बार कौन्सिलचा ४९ क्रमांकाचा नियम आहे. कौन्सिलला कळवून सनद स्थगित करून घ्यायची. अनेकजण कळवत नाहीत आणि पुढे कधी परत यायचं म्हटलं की अडकतात. मी रीतसर केली. कपाटात कोट आहे, त्याला डांबरगोळ्या घालतो.

दुसरी: आमच्या टीममध्ये नवीन पोरं घेणं कमी झालंय. पहिलं वाचन आता सॉफ्टवेअर करतं, आणि नवख्याचं काम म्हणजे नेमकं ते पहिलं वाचनच होतं. घेतात ते दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेले. तो अनुभव कुठून आणायचा हे विचारू नका.

---

मटारउसळ | १३ ऑक्टोबर

डांबरगोळ्या! हे वाक्य मी कुठेतरी वापरणार आहे.

---

आकडेमोड | १४ ऑक्टोबर

"सर्वोच्च पॅकेज" वर थोडं. मी वकील नाही, एका वेगळ्याच कॉलेजात प्रशासनात आहे, त्यामुळे हे तक्ते भरताना बघितलेत.

जी कॉलेजं केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी माहिती देतात त्यांना ती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. पीडीएफ कुठेतरी तळाशी असते, शोधायचा कंटाळा करू नका. त्यात प्रत्येक बॅचचे चार आकडे बघा: वेळेत उत्तीर्ण किती, नोकरी लागलेले किती, त्यांचा मध्यक पगार किती, आणि उच्च शिक्षणाला गेलेले किती. पुस्तिकेतला "सर्वोच्च" म्हणजे एका मुलाचा पगार. मध्यक म्हणजे पगाराच्या क्रमाने रांग लावली तर बरोबर मधोमध उभा असलेला मुलगा. आपलं मूल बहुधा त्याच्या आसपास असतं.

आता गंमत. उत्तीर्णांमधून नोकरीवाले वजा करा, उच्च शिक्षणवाले वजा करा. उरतात ते कोण? त्यात शिवाजीनगरला पाच हजारांवर जिने चढणारी मुलगी आहे, वडिलांच्या चेंबरमध्ये बसलेला मुलगा आहे, जेएमएफसीचा (कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेचा) अभ्यास करणारा आहे आणि खरोखर घरी बसलेलाही आहे. तक्त्यात या सगळ्यांचा रंग एकच. इंजिनिअरिंगच्या तक्त्यात हा उरलेला आकडा म्हणजे बेरोजगार. लॉच्या तक्त्यात तीच वकिली. म्हणून इतर शाखांचं मोजमाप लॉला लावलं की आईवडिलांना भोवळ येते.

आणि जी कॉलेजं या क्रमवारीत भागच घेत नाहीत, त्यांच्याबाबत पुस्तिका वाचायची आणि मिटायची.

---

गुलबक्षी | १४ ऑक्टोबर

सगळ्यांचे आभार. आकडेमोड, लगेच ती पीडीएफ शोधली. सापडली. मध्यक आणि पुस्तिकेतला आकडा यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नसावी इतका फरक आहे. यजमानांना दाखवलं, ते म्हणाले, "पाच वर्षांपूर्वी का नाही बघितलं?" आता यावर काय बोलणार.

बार्शीची, तू जेवायला ये गं एकदा. खरंच.

---

सातबारावाली | १४ ऑक्टोबर

कोर्ट किंवा कंपनी, या दोनच वाटा असल्यासारखं चाललंय म्हणून लिहिते. तिसरी वाट हवेली तालुक्याच्या मातीतून जाते.

मी २०१९ ची बॅच. दोन वर्षं दिवाणी कोर्टात काढली आणि कंटाळले, कारण माझा एकही दावा संपला नाही. मग एका ओळखीच्या वकीलबाईंकडे टायटलचं काम शिकले. बँकेला कर्ज द्यायचंय, बिल्डरला जमीन घ्यायचीय, कोणा एनआरआयला फ्लॅट घ्यायचाय, तर मालकी निर्वेध आहे का ते तपासून रिपोर्ट द्यायचा. साधारण तीस वर्षांचा शोध. दुय्यम निबंधकांकडची इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहारांचा गोषवारा), तलाठ्याकडचे फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी), सातबारा, आठ-अ. ऑनलाइन बरंच दिसतं, पण जे दिसत नाही तिथेच घोळ असतो.

पुण्याभोवतीच्या जमिनीत काय काय निघतं! कुळकायद्याच्या कलम ४३ ची (विकायला परवानगी लागते ती) अट राहून गेलेली, इनामाची नवीन शर्त (तिथेही परवानगीशिवाय विक्री नाही), तीन बहिणींपैकी एकीचं हक्कसोडपत्रच नाही, आणि २००५ नंतर मुलींचा हिस्सा धरलाच नाही. एका फेरफारात एक आजोबा १९६८ ला वारले आणि १९७४ ला त्यांनी सही केली होती. हे शोधायला जी चिकाटी लागते ती भाषणबाजीच्या स्पर्धा जिंकणाऱ्यांकडे असेलच असं नाही.

पहिल्या वर्षी दर रिपोर्टमागे दीड हजार सुटायचे. आता स्वतःचं ऑफिस आहे, दोन मुली हाताखाली आहेत. त्यांना मी पंधरा हजार देते. (नियमावर_बोट, वीस नाहीत, माहितीये.) ज्याला मोडी वाचता येते त्याला तर मी उद्या ठेवून घेईन. जुने कागद मोडीत असतात आणि वाचणारे म्हातारे कमी होत चाललेत. पुण्यात मोडीचे वर्ग लागतात, महिना-दोन महिन्यांत लिपी हाताखाली येते. कुठल्याही महागड्या डिप्लोमापेक्षा हे स्वस्त आहे.

---

कोट_उसना | १४ ऑक्टोबर

मेलेल्या आजोबांची सही हा प्रकार आमच्याकडे पण आहे. फक्त आमच्याकडे तो दावा अजून चालू आहे.

---

तिसरा_प्रयत्न | १५ ऑक्टोबर

जेएमएफसीवाल्यांबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, एमपीएससी घेते. पूर्व, मुख्य, मुलाखत. नारायण पेठेत अभ्यासिका, सकाळी सात ते रात्री दहा.

गुलबक्षीताई, तुमच्या मुलीच्या डोक्यात हा विचार असेल तर एक मोठा बदल झालाय. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. २००२ पासून ती गेली होती. कॉलेजातून थेट परीक्षेला बसून तेविसाव्या वर्षी न्यायाधीश व्हायची वाट आता बंद. आधीच सुरू झालेल्या भरत्यांना ते लागू नाही, पुढच्यांना आहे.

तपशील महत्त्वाचा आहे. तीन वर्षं तात्पुरती सनद मिळाल्या तारखेपासून मोजतात, बार एक्झाम पास झाल्यापासून नाही. म्हणजे तुमच्या मुलीचं घड्याळ चालू झालेलं आहे. प्रमाणपत्र लागतं ते किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं, आणि त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांचं शिक्कामोर्तब. न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम धरतात. कंपनीतल्या नोकरीच्या काळात सनदच स्थगित, तेव्हा ती वर्षं वकिली म्हणून कशी मोजणार? हिंजवडीला जायच्या आधी हे माहीत असावं.

आमच्या अभ्यासिकेत निकालाच्या दिवशी रडारड झाली. वर्षभर कोट न घालता अभ्यास केलेली पोरं आता ज्युनिअरशिप शोधताहेत, म्हणजे सीनियरांना फुकटचे हात मिळाले. मला स्वतःला अट पटते, हेही कबूल करतो. मागच्या मुलाखतीत मला विचारलं, "साक्षीदार फितूर झाला तर तुम्ही काय कराल?" मी कलम सांगितलं. त्यांनी विचारलं, "कधी बघितलाय का?" नव्हता बघितला.

---

बार्शीची | १५ ऑक्टोबर

अट पटते, पण तीन वर्षं सात हजारांवर काढायची ती कोणी? ज्याला परवडतं तोच न्यायाधीश होणार, असाच याचा अर्थ निघतो ना?

---

तिसरा_प्रयत्न | १५ ऑक्टोबर

निघतो. उत्तर नाहीये माझ्याकडे.

---

शिरूरकर | १५ ऑक्टोबर

पुण्यातच का राहायचं पण? मी दोन वर्षं शिवाजीनगरला पाट्या टाकल्या आणि तालुक्याला परत गेलो. इथे ज्युनिअर म्हणून कोणी वर्षानुवर्षं राबवून घेत नाही कारण माणसंच कमी आहेत. पहिल्या वर्षात जामिनाचे अर्ज स्वतः चालवले, दुसऱ्या वर्षात उलटतपास घेतला. पुण्यात माझ्या मित्राने अजून उलटतपास फक्त ऐकलाय. फी कमी मिळते, कधी ज्वारीचं पोतं मिळतं, पण घरभाडं शून्य.

मुलींना तालुक्याला अवघड जातं हे मान्य करतो. बार रूममध्ये बसायला नीट जागासुद्धा नसते. आमच्याकडे दोघी आहेत, दोघी पक्षकाराशी गाडीच्या सीटवर बसून बोलतात.

---

डेक्कनक्वीन_पासधारक | १६ ऑक्टोबर

हायकोर्टाचंही लिहा कोणीतरी. मी सव्वासातच्या गाडीने आठवड्यातून तीनदा मुंबई करतो. सीनियर पुण्याचे, मॅटर मुंबईत. पास, चहा, वडापाव यात निम्मा स्टायपेंड जातो. १८ ऑगस्टपासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सगळे तिकडे गेले. पुण्याने इतकी वर्षं मागणी केली आणि आम्ही आपले अजून लोणावळ्याच्या बोगद्यात.

---

रंकाळा_संध्याकाळी | १६ ऑक्टोबर

आमचाबी लढा काय दोन दिवसांचा न्हवता भावा. वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली ते बघा जरा. आणि बार्शीच्या ताईंनी विचार करावा, सोलापूर जिल्हा आमच्याच बेंचकडं हाय. नवीन बेंच म्हंजे नवीन ऑफिसं, सगळ्यांना हाताखाली पोरं पायजेत. राहायला पुण्याच्या निम्म्यात भागतंय.

---

डेक्कनक्वीन_पासधारक | १६ ऑक्टोबर

अभिनंदन आहेच हो. पण पुणे हे पक्षकारांच्या संख्येने

---

ॲडमिन | १६ ऑक्टोबर

खंडपीठाच्या वादावर स्वतंत्र धागा आहे. तिथले ३०० प्रतिसाद आधी वाचून घ्यावेत. इथे अवांतर नको.

---

जुना_अर्जदार | १६ ऑक्टोबर

दोन दिवस विचार केला. गुलबक्षीताईंसाठी कामाचं लिहितो.

एक. फौजदारी बाजूची आवड असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात लीगल एड डिफेन्स काउन्सेलची चौकशी करा. नाल्साची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) २०२२ ची योजना. ज्या आरोपीला वकील परवडत नाही त्याची केस हे लोक चालवतात. मुख्य आणि उपमुख्य पदांना बरीच वर्षं लागतात, पण असिस्टंटचं पद शून्य ते तीन वर्षंवाल्यांसाठीच आहे. कंत्राटी, पूर्णवेळ, खाजगी केस घ्यायची नाही, पण दरमहा ठरलेलं मानधन. आणि काम खरं. माझी एक ज्युनिअर तिथे गेली, वर्षभरात माझ्यापेक्षा सराईतपणे रिमांडला उभी राहायला लागली. जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आलेत, त्यात आम्ही म्हातारे अजून ३०२ (खुनाचं जुनं कलम) म्हणतो आणि जीभ चावतो. नवीन पोरांना विसरायचं काही नाही.

दोन. बँकांच्या लॉ ऑफिसरच्या जागा आयबीपीएसमार्फत (बँकभरतीच्या परीक्षा घेणारी संस्था) निघतात. सनद लागते, वय वीस ते तीस. स्थिर पगार हवा असेल तर तिशीपर्यंतच दार उघडं आहे.

तीन. पैशांबद्दल सरांशी बोलायचं असेल तर परिपत्रक दाखवू नये. सहा महिन्यांनी "मी या दहा मॅटरमध्ये हे हे केलं" अशी चिठ्ठी लिहून जावं. आकडा मागावा आणि गप्प बसावं. माझ्यासमोर आजवर फक्त एका ज्युनिअरने असं केलं. मी त्याला वाढवून दिले, कारण नाही म्हणायला मला काही सापडलंच नाही.

चार. सात हजारांबद्दल घरी बोलणं झालं. माझे बारा होते ते दिवाळीपासून पंधरा केलेत. वीस जमणार नाहीत. लगेच टाळ्या नकोत, गॅसची टाकी मी अजूनही कोणाला आणायला लावत नाही एवढंच आधी माझं पुण्य होतं.

---

बार्शीची | १६ ऑक्टोबर

सर, तुमच्याकडे जागा आहे का?

---

जुना_अर्जदार | १६ ऑक्टोबर

खाजगी निरोप बघा.

---

नियमावर_बोट | १७ ऑक्टोबर

माझं परिपत्रक मी मागे घेतो. पण एक नियम खरा आहे तो सांगू द्या. सनदेची फी. ३० जुलै २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ पलीकडे नोंदणीसाठी काही घेता येत नाही. खुल्या वर्गाला ७५०, अनुसूचित जाती-जमातींना १२५. मुद्रांक शुल्क वेगळं. त्याआधी राज्याराज्यांत काही हजारांपासून चाळीस हजारांच्या वर घेत होते. पुढच्या बॅचवाल्यांनी वाचून ठेवा.

---

कोट_उसना | १७ ऑक्टोबर

मी २०२३ ला भरलेल्या पैशांत दोन कोट आले असते. निकाल मागे लागू होत नाही, विचारून झालं.

---

गुलबक्षी | १ नोव्हेंबर २०२५

नमस्कार, मी गुलबक्षींची मुलगी. आईचा आयडी उघडाच होता, धागा सगळा वाचला. तिने माझ्या पाच हजारांची बातमी महाराष्ट्रभर केल्याबद्दल तिच्याशी दोन दिवस अबोला होता, आता मिटलाय.

दिवाळीत काकांकडे पेढे खाल्ले. "हिचं काय?" झालंच. आईने सगळ्यांना मध्यक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. काका उठून टीव्ही लावायला गेले.

मी सध्या आहे तिथेच राहणार आहे, निदान मार्चपर्यंत. सरांकडे एक फौजदारी अपील आहे, त्याचे कागद मी लावलेत आणि ते चालताना मला बघायचंय. मार्चमध्ये चिठ्ठी लिहून जाईन. दहा मॅटर भरतील का माहीत नाही, आत्ता सहा आहेत. मोडीच्या वर्गाची चौकशी केली, शनिवार-रविवार आहे.

एकच विचारायचं होतं. ३० तारखेला बार एक्झाम आहे. बेअर ॲक्ट (टिपांशिवाय नुसता कायद्याचा मजकूर असलेली पुस्तकं) नेता येतात, पण सगळे नवीन घ्यायचे म्हणजे महिन्याचं पाकीट तिथेच संपणार. अप्पा बळवंत चौकात जुने मिळतील का?

---

तिसरा_प्रयत्न | १ नोव्हेंबर

मिळतील, पण जपून. जुलै २०२४ च्या आधीची फौजदारी पुस्तकं फुकट दिली तरी घेऊ नका, त्यात आयपीसी (जुनी दंडसंहिता) असेल. दिवाणी संहिता, करार, घटना यांच्या जुन्या चालतील, फक्त दुरुस्त्या बघून घ्या. आणि दुकानातच प्रत्येक पान उलटून बघा, कारण टिपा असलेलं पुस्तक परीक्षेत नेऊ देत नाहीत. मागचा मालक अभ्यासू निघाला तर तुमची पंचाईत.

---

कोट_उसना | १ नोव्हेंबर

माझी करार कायद्याची प्रत घेऊन जा, फुकट. मी कधी उघडलीच नव्हती, कोरी आहे. घटनेत मात्र पेन्सिलीने बरंच लिहिलंय, खोडरबर घेऊन बसावं लागेल. सोमवारी चहाच्या टपरीपाशी अकराच्या पुकाऱ्याआधी भेटा.